जवान गेल्यावर घराला काय मिळतं आणि कुठे अडतं

नाशिकजवळच्या देवळालीच्या फायरिंग रेंजवरचा तोफांचा आवाज भगूर-लहवितच्या लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. १० ऑक्टोबर २०२४ ला सरावाच्या वेळी गोळा फुटून तिथे दोन अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, मरण पावले. लगेच राजकारण तापलं. हे दोघे सरावात गेले, युद्धात नाही. मग त्यांच्या घरच्यांना कायम नोकरीतल्या जवानाइतकं मिळणार का? एक बाजू म्हणाली, सरकार या पोरांना वाऱ्यावर सोडतं. दुसरी म्हणाली, कोटीच्या वर मिळतात. नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंत तेव्हा हाच विषय होता, आणि दोन्हीकडे अर्धी माहिती होती.

जाहीर होणारी रक्कम आणि घरात पोचणारी रक्कम यांत फरक पडतो. तो बहुतेक वेळा दोन गोष्टींनी पडतो: मृत्यू कसा झाला याची लष्कराच्या कागदावरची नोंद, आणि जवान हयात असताना त्याने स्वतःचे कागद किती नीट ठेवले होते ते. नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, चांदवड, बागलाणमधली कितीतरी घरं फौजेत मुलं पाठवतात. त्या घरांना हे आधी माहीत असायला हवं.

आधी नोंदीचं बघू. आपण सगळे 'शहीद' म्हणतो, तो मान खरा आहे. पण पेन्शन त्या शब्दावर ठरत नाही. जवानाचा मृत्यू झाला की युनिट कारण तपासतं, गरजेप्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी बसते, आणि निष्कर्ष पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीत चढतो. तिथून कागद जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला आणि पुढे प्रयागराजच्या संरक्षण लेखा विभागाच्या पेन्शन कार्यालयात जातो. मृत्यूचे ढोबळ पाच वर्ग आहेत. 'ए' म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू. 'बी' म्हणजे सेवेमुळे झालेला किंवा बळावलेला आजार. 'सी' म्हणजे कर्तव्यावरचा अपघात. सरावातला स्फोट साधारण इथे येतो. 'डी'मध्ये दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसेतले मृत्यू. 'ई'मध्ये युद्ध, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सुरुंग पेरताना वा काढताना झालेला स्फोट आणि सरकारने खास अधिसूचित केलेली ऑपरेशन्स.

कायम सेवेतल्या जवानाच्या पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन या अक्षरावर ठरतं. समजा जवानाचं शेवटचं पेन्शनपात्र वेतन, म्हणजे मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे मिळून, ४०,००० रुपये होतं. 'ए' वर्गात साधं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे १२,०००. सेवेत असताना मृत्यू झाल्यामुळे पहिली दहा वर्षं मात्र ५० टक्के, म्हणजे २०,०००. 'बी' आणि 'सी'मध्ये स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के, म्हणजे २४,०००. 'डी' आणि 'ई'मध्ये लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन पूर्ण १०० टक्के, म्हणजे ४०,०००. महागाई सवलत या सगळ्यांवर वेगळी.

आता 'सी' आणि 'ई'मधला फरक मांडून बघा. महिन्याला १६,०००, वर्षाला १ लाख ९२ हजार. पंचविशीतल्या वीरपत्नीसमोर पुढचं सगळं आयुष्य असतं. तीस वर्षांत हा फरक महागाई सवलत न धरताही ५७ लाख ६० हजारांवर जातो. केंद्राच्या सर्वांत मोठ्या सानुग्रह, म्हणजे एकरकमी मदतीच्या रकमेपेक्षाही (४५ लाख) हा आकडा जास्त आहे. तरी वर्तमानपत्रात मथळा होतो तो एकरकमी मदतीचा, आणि अक्षराबद्दल कोणी विचारत नाही. घरच्यांनी मात्र पहिल्या महिन्यातच युनिटकडे लेखी विचारावं: मृत्यूची नोंद बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला किंवा कारवाईतला मृत्यू) म्हणून आहे की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने मृत्यू) म्हणून, वर्ग कोणता धरला आहे, आणि जवान कोणत्या अधिसूचित ऑपरेशनमध्ये तैनात होता. सियाचीनमध्ये ऑपरेशन मेघदूत, काश्मीरमध्ये ऑपरेशन रक्षक अशी नावं असतात. ते नाव नोंदीत आलं नाही, तर हिमस्खलनात गेलेल्या जवानाचा कागद साध्या अपघाताच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

सर्वांत जास्त वाद हृदयविकाराच्या आणि रजेवरच्या मृत्यूंमध्ये होतात. रजेवर घरी येताना किंवा परत ड्यूटीवर जाताना प्रवासात अपघात झाला, तर तो प्रवास साधारणपणे कर्तव्याचा भाग मानला जातो. गावी पोचल्यावर चार दिवसांनी कामासाठी मोटारसायकलवर निघाला आणि सिन्नर रस्त्यावर अपघात झाला, तर बहुधा मानला जात नाही. म्हणून प्रवासातल्या अपघातात रेल्वेचं तिकीट, रजेचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा जपून ठेवायचा. वर्ग पटला नाही तर नाकारल्याचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. नाशिककरांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. हे दार बंद नाही, पण मुदत उलटली की ते ढकलायला फार जोर लागतो.

एकरकमी पैशांत चार वेगवेगळे झरे असतात आणि बातमीत ते एकत्र ओतले जातात.

पहिला केंद्राचं सानुग्रह अनुदान. १ जानेवारी २०१६ पासूनचे दर असे: कर्तव्यावरचा अपघात किंवा दहशतवादी-समाजकंटकांच्या हिंसेतला मृत्यू, २५ लाख; सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, किंवा ठरवलेल्या अतिउंच, दुर्गम चौक्यांवर निसर्गाच्या कोपाने आलेला मृत्यू, ३५ लाख; युद्धात शत्रूच्या कारवाईत आलेला मृत्यू, ४५ लाख. दुसरा राज्य सरकारचा. महाराष्ट्राने २०१९ मध्ये वीरमरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाची मदत २५ लाखांवरून एक कोटी केली. ही रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यामार्फत येते, आणि ती बॅटल कॅज्युअल्टीच्या दाखल्यावर अडते. अंत्यविधीला आलेल्या मंत्र्यांनी माईकवर काय सांगितलं त्यावर नाही. शासन निर्णयात काय आहे त्यावर. म्हणून घोषणा झाली की कुटुंबातल्या शिकलेल्या माणसाने एकच प्रश्न विचारावा: शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख काय?

तिसरा आर्मी ग्रुप इन्शुरन्स. हा सरकारचा उपकार नव्हे, जवानाच्या पगारातून दर महिन्याला कापलेल्या हप्त्याचा विमा आहे. 'सरकारने इतके दिले' म्हणताना तो आकडा त्यात मिसळणं मला अन्यायाचं वाटतं. चौथा बँकेचा. जवानाचा पगार ज्या बँकेत जमा होतो, तिथल्या डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये अपघाती विमा असतो आणि त्याची रक्कम मोठी असते. पण बँक स्वतःहून घरी येईलच असं नाही. दावा मुदतीत करावा लागतो, आणि कित्येक पत्नींना पगाराचं खातं कुठल्या शाखेत आहे हेच ठाऊक नसतं. शिवाय आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंडातून आठ लाख, डेथ ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड.

आता अग्निवीर. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम करतात. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या निधीत, कापले जातात आणि तितकेच सरकार घालतं. मृत्यू सेवेशी संबंधित नसेल तर ४८ लाखांचा विमा, ज्याचा हप्ता मुलाच्या पगारातून जात नाही, आणि जमलेला सेवानिधी. सेवेमुळे किंवा कारवाईत मृत्यू झाला तर त्यावर ४४ लाख सानुग्रह आणि चार वर्षांतला उरलेला पगार. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेलेल्या महाराष्ट्रातल्या अग्निवीराच्या वेळी लष्कराने हा हिशेब मांडला होता: ४८, ४४, वेल्फेअर फंडाचे ८ आणि उरलेल्या पगाराचे सुमारे १३, मिळून १ कोटी १३ लाख, सेवानिधी वेगळा.

मग भांडण कशाचं होतं? जुलै २०२४ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते म्हणाले, सुरुंगस्फोटात गेलेल्या अग्निवीराच्या घरी भरपाई पोचली नाही. संरक्षणमंत्री म्हणाले, एक कोटी दिले जातात. लष्कराने खुलासा केला की ९८ लाख ३९ हजार दिले आहेत आणि पोलीस पडताळणीनंतर सुमारे ६७ लाख द्यायचे आहेत, एकूण अंदाजे १ कोटी ६५ लाख. विमा आलेला होता, सानुग्रह यायचं होतं. विम्याला भरपाई म्हणायचं की नाही, यावर दोन्ही बाजू ओरडत राहिल्या आणि ऐकणाऱ्याला वाटलं, कोणीतरी एक धादांत खोटं बोलतोय.

या गोंगाटात मूळ प्रश्न बाजूला पडला: पेन्शन. अग्निवीराच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. त्याच चौकीवर, त्याच गोळीने गेलेल्या कायम जवानाच्या घरी आयुष्यभर दरमहा रक्कम येते. अग्निवीराच्या आईवडिलांना एकदाच मोठी रक्कम मिळते आणि तिथे खातं बंद होतं. मे २०२५ मध्ये सीमेवर वीरमरण आलेल्या एका अग्निवीराच्या आईने याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारचं म्हणणं, हा वेगळ्या अटींवर घेतलेला वेगळा वर्ग आहे. भरतीपुरता तो तर्क चालेल. रणभूमीवरच्या मृत्यूला तो लावणं मला पटत नाही. तिथे धोका वेगळा नसतो.

अग्निवीराच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं की हाती आलेल्या रकमेतूनच पुढचा मासिक खर्च काढायचा आहे. ती ट्रॅक्टर, प्लॉट आणि पाहुण्यांच्या उसनवारीत पहिल्या वर्षातच विखुरली, तर मागून काही येत नाही.

आता घराघरांत सर्वांत जास्त जखमा करणारी गोष्ट: पत्नी आणि आईवडील. भरतीच्या वेळी नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सर्वांत जवळचे नातलग म्हणून आईवडिलांचं नाव असतं. लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर निघून तिथे पत्नीचं नाव येतं. कुटुंब निवृत्तिवेतनावर पहिला हक्क पत्नीचा. पत्नी किंवा मुलं नसतील तरच तो आईवडिलांकडे जातो. हे नॉमिनेशनने बदलत नाही. विमा आणि फंडाचं मात्र वेगळं आहे: तिथे नॉमिनी जवान स्वतः ठरवतो आणि टक्क्यांत वाटूही शकतो, पत्नीला ६०, आईला ४० असं. जुलै २०२४ मध्ये एका कीर्तिचक्रविजेत्या कॅप्टनच्या आईवडिलांनी नियम बदलण्याची मागणी केली, तेव्हा मोबाइलवर लोकांनी त्या तरुण विधवेला जे बोललं ते लाजिरवाणं होतं. तिने नियम मोडला नव्हता. म्हाताऱ्या आईवडिलांची चिंताही खोटी नव्हती. पण त्या चिंतेचं उत्तर कोणाला शिव्या देण्यात नाही, जवानाने हयातीत टक्केवारी लिहून ठेवण्यात आहे. आणि पुनर्विवाह केला म्हणून लिबरलाइज्ड पेन्शन आपोआप बंद होते, हाही गैरसमज आहे. मूल नसेल, किंवा असलेल्या मुलांचा सांभाळ ती करत राहिली, तर ती चालू राहते. सासरच्यांनी या नावाखाली तिच्यावर दबाव आणू नये.

रजेवर आलेल्या मुलाकडून घरच्यांनी एका दुपारी एवढं करून घ्यावं. लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली का, ते विचारावं. पत्नीचं नाव सर्व्हिस रेकॉर्ड, आधार, पॅन आणि बँकेत अक्षरशः एकसारखं आहे का, ते बघावं. आपल्याकडे लग्नानंतर नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव, सगळंच बदलतं. आधारवर माहेरचं आणि रेकॉर्डला सासरचं नाव राहिलं की स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत पेन्शन सुरू व्हायला महिने जातात. पत्नीबरोबर संयुक्त खातं, विम्याचं आणि फंडाचं नॉमिनेशन, साधं मृत्युपत्र, आणि एका वहीत आर्मी नंबर, युनिटचा पत्ता, रेकॉर्ड ऑफिस, पगाराची बँक. तोफखान्यातल्या जवानाचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पातच आहे, म्हणजे आपल्याकडच्यांना ते जवळ. पण निफाडचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर त्याचे कागद बेळगावला, महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्समध्ये असेल तर खडकीला.

मृत्यूच्या दाखल्यात हमखास चूक होते. जन्म-मृत्यूची नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते. लडाखला गेलेल्या जवानाची नोंद येवल्याच्या ग्रामपंचायतीत होत नाही. दाखला तिकडचा, युनिटमार्फत येतो. घाईत गावातून दुसरा दाखला काढला, तारीख किंवा ठिकाण वेगळं पडलं, की विमा आणि पेन्शन दोन्ही थांबतात. मूळ दाखल्याच्या पुरेशा प्रती युनिटकडूनच मागून घ्याव्यात. मग सैनिक कल्याण कार्यालयात वीरपत्नी म्हणून नोंद आणि ओळखपत्र. त्यावर मुलांच्या शिक्षणाची सवलत, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार आणि राज्याच्या योजनेतली मालमत्ता करमाफी मिळते. स्पर्शवर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो राहिला की पेन्शन थांबते आणि दाखला दिला की थकबाकीसह सुरू होते. घाबरून एजंटला पैसे देऊ नयेत.

सीआरपीएफ आणि बीएसएफच्या जवानांना यातलं बरंच लागू नाही. ती दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांचे पेन्शनचे नियम वेगळे. टीव्हीवर दोघांनाही 'जवान' म्हणतात, म्हणून शेजारच्याच्या अनुभवावरून स्वतःचा हिशेब करू नका.

अंत्यविधीला गाव लोटतं, ते योग्यच आहे. शवपेटीवरच्या तिरंग्याची केशरी बाजू डोक्याकडे असते आणि ध्वज अग्नीत किंवा मातीत जात नाही. सलामीनंतर तो घडी करून घरच्यांना दिला जातो. तिथे मोबाइल उंचावून पुढे घुसणाऱ्यांना गावातल्या मोठ्यांनी हात धरून मागे घ्यावं. मानवंदनेच्या तुकडीला मोकळी जागा लागते, आणि त्या घरातल्या बाईचा आक्रोश कोणाच्या रीलसाठी नाही.

आणि आपण उरलेले, बातम्या बघणारे? २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. त्यांच्यासह हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक नागरिक. पहिल्या दिवशी बातमी आली ती अपघाताची. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही मोठी चूक झाली, हे हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. हेलिकॉप्टर पडलं त्याच आठवड्यात वाहिन्यांवर आणि फोनवर युद्धाचा ज्वर चढलेला असताना, सोशल मीडियावर जोश दाखवणाऱ्यांनी सैन्यात यावं, असं मांडवगणे यांच्या पत्नीनेच सांगितलं होतं. तेव्हा पहिल्या चोवीस तासांतली कारणं, आकडे आणि व्हिडिओ पुढे ढकलू नयेत. लष्कराचं, हवाई दलाचं किंवा पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन येईपर्यंत थांबावं. जवानांच्या हालचालींचं चित्रीकरण तर अजिबात नाही, देवळाली आणि ओझर परिसरात तर नाहीच.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना ९ तारखेला आयपीएल थांबली आणि १७ तारखेला पुन्हा सुरू झाली. सप्टेंबरात आशिया चषकात पाकिस्तानशी खेळावं का, हस्तांदोलन करावं का, यावर घराघरांत वाद झाले. ते मत ज्याचं त्याने ठेवावं. पण मॅच बघणाऱ्या शेजाऱ्याला देशद्रोही म्हटल्याने कुठल्याही वीरपत्नीचं पेन्शन सुरू होत नाही, आणि टीव्ही बंद ठेवल्यानेही नाही. सुट्टीची मिसळ खा, मॅच बघा, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारा; सीमेवरची मुलं आपण तोंड पाडून बसावं म्हणून तिथे उभी नाहीत. त्यातूनच थोडा वेळ आणि थोडे पैसे या घरांसाठी काढता येतात.

पैसे द्यायचे तर जागा ठरलेल्या आहेत. दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. तो निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन कधीही देता येतो. सैन्यातल्या बॅटल कॅज्युअल्टींसाठी 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ आणि निमलष्करी दलांसाठी 'भारत के वीर'. 'सैन्याला शस्त्रं घ्यायला रोज एक रुपया द्या' म्हणत खाते क्रमांकासह फिरणारा संदेश खोटा आहे. वेल्फेअर फंडातून शस्त्रं घेतली जात नाहीत. आणि एखाद्या वीरपत्नीच्या नावाने क्यूआर कोड आला, तर आधी सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करून विचारा, मगच पैसे पाठवा.